आसाराममामांचा डावा हात

"सर, बाकी काही चुकलं तरी चालेल, पण माप घेताना घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही."

पुण्याच्या प्रविणरावांनी फोनवर ही सूचना दिली तेव्हा धर्मराज सर शांतपणे म्हणाले होते, "त्याची काळजी नको. आमच्याकडे शिस्त आहे." हे वाक्य ते बोलत असताना त्यांच्या मातोश्री छबुबाई पाठीमागे खलबत्त्यात शेंगदाणे कुटत होत्या, भिंतीपलीकडे सुनिताबाईंची पिठाची गिरणी ज्वारी दळत होती, आणि समोरच्या ओट्यावर भारत डीजेवाला एका बिघडलेल्या कर्ण्याला जे बोलत होता ते इथे लिहिण्यासारखं नाही. सरांच्या कानांवर यातलं काहीच पडलं नाही. उत्तम आवाजाचा ध्यास लागला की माणसाला बाकीचे आवाज ऐकू येईनासे होतात. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

धर्मराज सर पाटोद्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. आपल्याला न जमणारी गोष्ट जगात असेलही, पण ती अजून आपल्यासमोर आलेली नाही, अशी त्यांची साधी समजूत आहे. प्रविणरावांनी मोठं घर सोडून लहान फ्लॅट घेतला, तेव्हा त्यांचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर सरांकडे आले. कांदे उतरवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून, गाद्यांमध्ये गुंडाळून, बाळंतिणीला आणावं तसे आले.

स्पीकर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खोकं येतं. ह्यांना खोकं नाही. दरवाजाएवढ्या उंच जाळ्या, आणि जाळ्यांच्या मधोमध दुधाच्या सायीहून पातळ असा पडदा. त्या पडद्यावर विजेचा दाब चढवला की तो थरथरतो आणि गातो. छबुबाईंनी पहिल्या दिवशी त्यांना 'कवाडं' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर लुगडं वाळत घातलं. सुनिताबाईंनी विचारलं, "सर, डासासाठी बसीवलं का?" आता सर डासासाठी काही बसवणारे गृहस्थ नव्हेत, पण संध्याकाळी एखादा डास जाळीत शिरला की 'चट्' असा आवाज होई आणि डास नाहीसा होई. तेव्हापासून छबुबाईंचं कवाडांबद्दलचं मत जरा सुधारलं.

पण आवाज! गाणारा समोर पाटावर येऊन बसलाय असं वाटे. त्याने श्वास घेतला की आपण पाण्याचा तांब्या पुढे करावा. उणं एकच होतं. खालचा, जाड, पोटातून येणारा खर्ज त्या सायीला पेलत नव्हता. सरांना हे ठाऊक होतं, आणि ते फारसं महत्त्वाचं नाही असंही ठाऊक होतं. पोळ्याच्या दिवशी त्यांनी आसाराममामांना ऐकायला बोलावलं, आणि मग ते महत्त्वाचं झालं.

आसाराममामा म्हणजे छबुबाईंचे थोरले भाऊ. राहणार धारूर. जन्मभर भजनात पखवाज वाजवला. आता खांदा आखडला, हात उचलत नाही. मागल्या वर्षी ते शेवटचे वाजवायला बसले, तेव्हा सरांनी चांगला माइक लावून ते भजन ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापतात. त्यावर मामांचा पंजा पडला की मंडपातल्या शेवटच्या माणसाच्या पोटात हललं पाहिजे, अशी त्या पंजाची ख्याती.

सरांनी मामांना खुर्चीत बसवलं, जाळ्या पुसल्या आणि भजन लावलं. मामांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. उठले, जाळीच्या मागे जाऊन बघून आले, परत बसले.

"गाणारा हाय," मामा म्हणाले. "टाळकरी हाईत. पेटी हाय. मी कुठं हाय?"

"अहो मामा, तुम्हीच की! ते बघा, ते टक टक…"

"ती माझी बोटं हाईत. पंजा कुठंय? धर्मा, मला कावून काढलंस?"

"काढलं नाही हो मामा. ह्या पडद्याला खालचा आवाज झेपत नाही."

"गाणाऱ्याचा झेपतो. पेटीचा झेपतो. मामाचाच बरा झेपंना!"

मामांनी टोपी घातली. पुरणपोळ्या झाल्या होत्या, तूप वाढलं होतं. मामा म्हणाले, "भूक न्हाई," आणि धारूरच्या एसटीला निघून गेले.

छबुबाईंनी भावाचं ताट तसंच झाकून ठेवलं. "माझा भाऊ माझ्या लेकाच्या दारातून उपाशी गेला," त्या भिंतीला म्हणाल्या. भिंतीला यासाठी, की त्या दिवसापासून त्यांनी लेकाशी बोलणं सोडलं. "दादा ह्या घरात पोटभर जेवंल तवा बोलंन," असं त्यांनी सुनेकडून कळवलं. रोहिणी, सरांची पत्नी, मितभाषी आणि नेमाधर्माची बाई. तिने निरोप जसाच्या तसा पोचवला, आपलं काही घातलं नाही. सरांना तेच जास्त लागलं.

"मामांचा हात मी परत आणतो," सर म्हणाले. "यात अशक्य काय आहे?"

त्यांनी दोन सबवूफर मागवले. सबवूफर म्हणजे काळंभोर, चौकोनी, जड खोकं. त्याला फक्त खर्ज येतो, दुसरं काही येत नाही. पण नुसतं खोकं आणून भागत नाही. खोलीसुद्धा आवाजात ढवळाढवळ करत असते. एका कोपऱ्यात खर्ज फुगतो, आणि मधोमध खुर्चीत बसलेल्या माणसाला तो ऐकूच येत नाही. म्हणून खुर्चीपाशी माइक लावायचा, संगणकाने एक आवाज काढायचा, तो पाताळातून सुरू होऊन वर वर चढत शिट्टीपर्यंत जातो, आणि खोली कुठे काय खोड्या करते हे ओळखून संगणक त्यावर उतारा काढतो. याला खोलीची दुरुस्ती म्हणतात. सरांनी हे रोहिणीला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दृष्ट काढण्यासारखंच." सरांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं.

पहिलं माप त्यांनी मोठ्या थाटात घेतलं. छबुबाईंना देवळात पाठवलं, रोहिणीला स्वयंपाकघरात बसवलं, पंखे बंद केले, घड्याळ काढून उशीखाली ठेवलं. पाताळातून आवाज निघाला, हुंकारत वर चढला. संगणकाने निकाल दिला, की ही खोली मुळातच एका खालच्या सुरात सतत गुणगुणते, म्हणून तो सूर आम्ही कापून टाकला आहे. सर खूश झाले. भजन लावलं. आता पंजा तर नव्हताच, पण बोटंही अर्धी गेली होती.

खोली गुणगुणत नव्हती. सुनिताबाईंची गिरणी गुणगुणत होती. संगणकाने गिरणीवर उतारा काढला होता, आणि नेमका त्याच सुरात मामांचा डावा हात राहत होता.

"सर, कावून डोस्क्याला ताप करून घेता?" भारत डीजेवाला ओट्यावरून उठून आत आला. आवाजाच्या बाबतीत भारतचा अधिकार पाटोद्यात कुणी नाकारत नाही. नाकारलं तरी ते कुणाला ऐकू जात नाही. "ह्ये तुमचं खोकं लेकरू हाय. माझा बेस लावून बगा. नवरदेवाचा घोडा बसला होता खाली, माझा बेस ऐकून."

"मला घोडा बसवायचा नाही, भारत."

"बगा तर खरं!"

त्याने एक कपाटाएवढं खोकं आणून जोडलं आणि बटण फिरवलं. मामांचा पंजा परत आला, हे कबूल केलं पाहिजे. पण त्या पंजासोबत मांडणीवरची स्टीलची सगळी भांडीही आली. लग्नात आलेली, नावं कोरलेली, तांब्यांपासून तपेल्यापर्यंत. एकेक भांडं आपलं नाव वाचून दाखवल्यासारखं वाजत खाली उतरलं. एक डबा घरंगळत दाराबाहेर गेला आणि रस्त्यावर जाऊन थांबला. तो उचलून घेऊन आत आले ते हवालदार युवराज.

"डीजे कुणाचा?" युवराजनी डबा रोहिणीच्या हाती देत विचारलं. सणासुदीचे दिवस जवळ आले होते आणि मोठ्या आवाजाला बंदी लागू झाली होती.

भारत कधी पसार झाला ते कुणालाच कळलं नाही. खोकं तेवढं राहिलं.

"हा डीजे नाही," सर म्हणाले. "माझे इलेक्ट्रोस्टॅटिक आहेत. हे बघा."

युवराजनी जाळीतून आरपार बघितलं. पलीकडे खिडकी दिसत होती. "ह्येच्यातून आवाज येतो?"

"येतो."

"मंग ह्ये कपाट कशाला?"

"ह्यांना खर्ज नाही, म्हणून."

"म्हंजे ह्ये असून नसल्यासारखे," युवराजनी निकाल दिला आणि परवानगीच्या अर्जाचा छापील कागद पुढे केला. कार्यक्रमाचं स्वरूप: लग्न, मिरवणूक, सप्ताह, सभा, इतर. सरांनी पेन काढलं. 'मामांना मामा ऐकवणे' हे यातल्या कशातच बसत नव्हतं.

"इतर मधी टाका की सर."

"इतरच्या पुढे लिहायला जागा ठेवलेली नाही."

"म्हणून तर कुणी टाकत न्हाई."

शेवटी सरांनी घरात कपाट वाजवणार नाही असा शब्द दिला, आणि युवराज चहा घेऊन गेले. जाताना म्हणाले, "माझं पोरगं तुमच्याच वर्गात हाय. लई हुशार सर हाईत म्हणतं." हे वाक्य एरवी सरांना गोड लागलं असतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. छबुबाईंच्या घटाचा चौरंग गेल्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ला होता. बोलत होत्या तेव्हा त्यांनी नवा आण म्हणून लेकाला बजावलं होतं, आणि बोलणं सोडल्यावर सुनेकडून बजावलं होतं. सर विसरले. सर त्या दिवसांत फक्त खर्जाचा विचार करत होते. घटस्थापनेच्या सकाळी त्यांनी एक सबवूफर ईशान्येच्या कोपऱ्यात नीट जमवून ठेवला, दुसरा खुर्चीशेजारी ठेवला, आणि कॉलेजला गेले.

परत आले तेव्हा कोपऱ्यात हिरवा खण अंथरला होता. खणावर पत्रावळ, पत्रावळीवर वावरातली चाळलेली काळी माती, मातीत पेरलेली सात धान्यं, मध्ये मातीचा घट, घटावर विड्याची पानं आणि नारळ. वरून तिळाच्या फुलांची पहिली माळ सोडली होती. शेजारी नंदादीप तेवत होता. खणाखालून सबवूफरचा काळा कोपरा जरासा दिसत होता.

"आणलास बाबा एकदाचा," छबुबाई म्हणाल्या. बोलणं सोडलेलं असूनही चौरंगापुरता त्यांनी अपवाद केला. "लाकूड चांगलं हाय. जड बी हाय. हलायचं न्हाई."

"आई, तो चौरंग…"

"अहो," रोहिणी हळू आवाजात म्हणाली, "घट बसलाय."

विषय संपला. एकदा घट बसला की दसऱ्याला उठेपर्यंत त्याला कुणी हलवत नाही, हे सरांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. सर देव मानत नाहीत असं कुणी समजू नये. ते देवाच्या कामात लक्ष घालत नसत, आणि देवाने आपल्या विषयात लक्ष घालू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आता देवी थेट विषयावरच येऊन बसली होती. रोज सकाळी छबुबाई मातीवर पाणी शिंपडत, आणि सरांच्या छातीत एकेक थेंब उतरे.

त्यांनी प्रविणरावांना फोन लावला. देवीचा उल्लेख टाळून, "एक सबवूफर काही कारणाने व्यग्र आहे," एवढंच सांगितलं.

"मग उरलेल्या एकाची जागा अचूक शोधा," प्रविणराव म्हणाले. "सोपं आहे. सबवूफर खुर्चीत ठेवायचा, माणसाच्या जागी. पखवाज लावायचा. आणि तुम्ही जमिनीवरून रांगत खोलीभर फिरायचं. जिथे खर्ज स्वच्छ ऐकू येईल ती खरी जागा."

"रांगत?"

"खोकं जमिनीवर बसणार, मग कान नको का तिथे?"

तिसऱ्या माळेच्या दुपारी घरातल्या बायका देवीच्या टेकडीवर ओटी भरायला गेल्या. सरांनी दार लोटलं, अंगातला सदरा काढला, मामांच्या खुर्चीत सबवूफर बसवला, आणि पायजमा-बनियनवर रांगायला सुरुवात केली. एक प्राध्यापक रांगतो तेव्हा तो लहान मुलासारखा रांगत नाही. तो विचार करत रांगतो. दाराशी नुसता ठोका होता, पंजा नव्हता. पलंगाखाली खर्ज सर्दी झाल्यासारखा भरलेला होता. मांडणीपाशी काहीच नव्हतं, फक्त एक तपेलं आठवण काढून वाजत होतं. गुडघे सोलवटले तसे सर पोटावर आले. कान फरशीला लावून, हात पुढे पसरून, तळव्यांनी कंप अजमावत ते ईशान्येकडे सरकू लागले.

आणि घटापुढे त्यांचं डोकं पोचलं, तोच मामांचा हात सापडला. अगदी स्वच्छ. कणकेवर पंजा पडतो, जरासा दाबतो, मग उचलतो, आणि उचलताना मागे एक गोल घुमारा सोडून जातो. "सापडलं!" ते पालथ्याचे पालथेच ओरडले.

दार उघडलं. दारात छबुबाई, रोहिणी, आरतीचं ताट घेतलेल्या सुनिताबाई, आणि त्यांच्या मागे गल्लीतल्या निम्म्या बायका.

"अगं बाई!" सुनिताबाई म्हणाल्या. "सर दंडवत घालायलेत!"

सरांनी मान वळवेपर्यंत त्यांच्या पावलांवर पाणी पडलं. कुणीतरी कुंकू लावलं. एका म्हातारीने त्यांच्या टाचेला हात लावून तो डोळ्यांना लावला. सुनिताबाईंनी खुर्चीतल्या सबवूफरलाही, कुठला देव असेल कुणास ठाऊक म्हणून, लगेहाथ नमस्कार केला.

"काय सापडलं सर?"

"ते… ते इथेच आहे," सर म्हणाले.

"ऐकलंत का? हितंच हाय म्हणत्यात!"

छबुबाई पुढे आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "धर्मा," त्या म्हणाल्या, आणि सरांच्या लक्षात आलं की आई कितीतरी दिवसांनी भिंतीशी न बोलता आपल्याशी बोलते आहे. "माझ्या भावासाठी नवस बोललास व्हय रे?"

सरांपुढे दोन रस्ते होते. बनियनवर, टाचांना कुंकू लागलेल्या अवस्थेत, बायकांना खोलीतल्या ध्वनिलहरींचं शास्त्र समजावून सांगायचं. किंवा होय म्हणायचं. शास्त्र आधी एकदा समजावून झालं होतं आणि त्याची तुलना दृष्ट काढण्याशी झाली होती.

"होय," सर म्हणाले. आणि बोलायला लागलं की अर्धवट सोडायचं नाही ही शिक्षकाची खोड. गणित मांडावं तशा सगळ्या अटी घालून त्यांनी नवस मांडला. "मामा घरी आले, त्यांनी आपला हात आपल्या कानांनी ऐकला, आणि ते पोटभर जेवले, तर ह्या दारापासून टेकडीवरच्या देवीपर्यंत मी दंडवत घालत जाईन."

बायकांनी हात जोडले. रोहिणी मात्र नवऱ्याकडे बघत होती. नवस काय असतो हे तिला माहीत होतं. तिने नंदादीपात तेल घातलं.

अडचण आता अशी, की जी खरी जागा सापडली तिथे सबवूफर आधीच होता. आत्मविश्वासाने ठेवलेला, पहिल्याच दिवशी, बरोबर जागी. सरांना याचा मनातून फार अभिमान वाटला. पण तो वाजवायला घटाखालून वाजवावा लागणार, आणि त्याला आईची परवानगी हवी. युवराजच्या कागदापेक्षा हे काम अवघड.

"आई, ह्या चौरंगाच्या पोटात एक पडदा आहे," सरांनी हळूच सुरुवात केली. "त्यातून मामांचा हात ऐकू येतो."

छबुबाईंनी खण उचलून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कातड्यावानी हाय?"

"तसाच."

"म्हंजे पखवाजच की!" त्या म्हणाल्या. "देवीम्होरं संबळ वाजतो. मंग पायाशी माझ्या दादाचा पखवाज वाजला तर तिला गोडच लागंल. पर ते भूत रडल्यावानी काढतुस ते न्हाई चालायचं."

"त्याशिवाय माप होत नाही."

"किती येळ रडतंय?"

"एक दीर्घ श्वास घ्यावा, इतकाच वेळ. पण तेवढ्यात घरात, गल्लीत, कुठेच काही वाजायला नको. गिरणीसुद्धा."

छबुबाईंनी विचार केला. "आरती झाल्यावर समदे हात जोडून डोळे मिटतात. सुनितीबी गिरणी बंद करून येती. तवा काढ. पर हळू. देवीला दचकवू नको."

त्या संध्याकाळी आरती झाली. टाळ खाली ठेवले गेले, झांजा मांडीवर आल्या, बायकांनी डोळे मिटले. गिरणी बंद, भारत दाराशी टोपी काढून उभा, बाळं आयांच्या कुशीत. प्रविणरावांनी सांगितलेली आणि सरांना इतके दिवस दरडावूनही न मिळालेली शांतता खोलीत आपण होऊन येऊन बसली. सरांनी कळ दाबली. घटाखालून पाताळाचा हुंकार निघाला, हळूहळू वर चढला, जाळ्यांनी तो अलगद उचलून घेतला आणि शिट्टी होऊन छताशी विरला.

"नारळ हालला का गं?" कुणीतरी कुजबुजलं.

"न्हाई. तुझा उपास हाय, तुला चक्कर आली."

खोलीत माणसं दाटून बसली होती, दार उघडं होतं, आणि संगणकाने ती माणसं, ते दार, तो नारळ सगळं धरून हिशेब केला. दुसरा सबवूफर सरांनी आधीच समोरच्या कोपऱ्यात हलवला होता. खोक्यांचा आवाज जाळ्यांच्या किंचित मागे राहत होता; सरांनी जाळ्यांना जरा थांबायला लावलं, आणि दोघांचं पाऊल एक झालं. सरांनी भजन लावून बघितलं नाही. "आता बघायची गरज नाही," ते म्हणाले. असं ते नेहमीच म्हणत, पण या वेळी म्हणताना त्यांनी सगळ्या तारा पुन्हा एकदा तपासल्या. मामा एकदाच येतील. पुन्हा ऐकू आलं नाही, तर छबुबाईंना माहेर राहणार नाही.

आणि बोलावणं धाडण्याआधीच मामा आले. सरांचा नवस पाटोद्यातून निघून, वाटेत वाढत वाढत, धारूरला पोचला होता. तिथपर्यंत जाताना सर अन्नपाणी सोडून मामांच्या नावाने लोटांगणं घालत असल्याचं ठरलं होतं.

"मला बोलवाया लोटांगण कावून घालतुस?" मामा दारातूनच गरजले. "मी काय देव हाय?" पण विचारण्याच्या सुरावरून, तसं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी फार विरोध केला नसता.

आठव्या माळेची आरती झाली. गल्ली आत, गल्लीचा उरलेला भाग ओट्यावर. मामा खुर्चीत. मामांचं तोंड घट्ट मिटलेलं. सरांनी भजन लावलं आणि ते मामांकडे न बघता मामांच्या मांडीवरच्या डाव्या हाताकडे बघत उभे राहिले.

गाणाऱ्याने सूर धरला. टाळ आले. पेटी आली. मग घटाखालून, मातीतून आणि उगवलेल्या हिरव्या पोपटी अंकुरांखालून पंजा आला.

मामांचा हात हलला नाही. दुसरं आवर्तन गेलं. तिसऱ्याच्या समेवर मांडीवरची तर्जनी उचलली, मग मधलं बोट, मग आखडलेल्या खांद्याला न विचारता पूर्ण पंजा उचलला आणि मांडीवर पडला. खोलीतला आणि मांडीवरचा, दोन्ही एकाच क्षणी. भारत डीजेवाला आपल्या पोटावर हात ठेवून म्हणाला, "च्यायला, हललं बे!" आणि देवीसमोर असं बोललो म्हणून स्वतःच कान धरले.

भजन संपलं.

"धर्मा," मामा म्हणाले.

"काय मामा?"

"ह्यो गाणारा लई घाई करायलाय. मी धरून ठिवलं म्हणून निभावलं." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, आणि धूर फार झालाय अशी तक्रार उदबत्तीकडे केली. "पुन्यांदा लाव. आणि त्या गाणाऱ्याला काढता येत आसंल तर बग. नुसता मला ठिव."

मग छबुबाईंनी पान वाढलं. मामांनी भगर दोनदा मागून घेतली, आमटी तीनदा, आणि खाता खाता अख्ख्या गल्लीला त्यांनी कुठे कुठे कुणाकुणाला कसं धरून ठेवलं ते सांगितलं. छबुबाई भावाच्या पानाकडे बघत बसल्या होत्या, वाढायचं विसरून.

दसऱ्याला घट उठले. सबवूफरचा खण निघाला. वर एका ओल्या वर्तुळाचा डाग होता, तो सरांनी पुसला नाही. मामा सोनं वाटून, आणखी एकदा स्वतःला ऐकून, संध्याकाळच्या गाडीने गेले. छबुबाई समाधानाने म्हणाल्या, "नवसाचं मनावर घेऊ नको रे. तू काय, बायकांम्होरं अडकलास म्हणून बोललास. मला का कळत न्हाई? नारळ वाढवू, देवी मानून घेईल."

म्हणजे आईला सगळं माहीत होतं. मग सरांनी नेहमीप्रमाणे विचार केला. मामांनी हात ऐकला तो सबवूफर योग्य जागी होता म्हणून. हे सिद्ध होतं, आकडे होते. पण मामा घरी आले कशाने? त्याला माप लागत नव्हतं. मामा आले ते नुसत्या शब्दाने. त्या शब्दामागे एवढा आत्मविश्वास कुठून आला होता, याचं उत्तर सरांना पाठ्यपुस्तकात सापडेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे, गल्लीत अजून एकही दार उघडलेलं नव्हतं, तेव्हा सरांनी थंड पाण्याने आंघोळ केली. धोतर नेसले, ते त्यांना नीट जमलं नाही. टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ घेतला, आणि आईची झोप मोडू नये म्हणून दाराची कडी दोन्ही हातांनी धरून सोडली.

उंबऱ्याबाहेर त्यांनी टेकडीच्या दिशेने एकदा बघितलं. मग गुडघे टेकले, हात पुढे पसरले आणि थंड रस्त्यावर कपाळ ठेवलं. हात पोचला तिथे नारळ ठेवला, उठले, नारळापाशी जाऊन पुन्हा टेकले.

मागे दार वाजलं नाही. पण तिसऱ्या दंडवताला पावलांवर पाणी पडलं. रोहिणी भरलेला तांब्या घेऊन, अनवाणी मागे चालत होती.